शूटिंगवाले मामा आणि मंगळीची हाळी

जव्हारच्या बाजारपेठेत माझ्या शिवणकामाच्या गाळ्याला लागून शूटिंगवाल्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. मामा दुकानाचं शटर कधीच पूर्ण वर करत नसत, अर्ध्यावर आणून सोडत. लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेले व्याही असोत की पासपोर्ट फोटोला आलेली कॉलेजातली पोरं, सगळ्यांनी वाकूनच आत जायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "टेलरबाई, आधी पाय दिसले की पळायला वेळ मिळतो." त्या गाळ्याला मागे दार नव्हतं. मामा पळणार कुठून, हा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुत्र्याला भीत, विजेला भीत, खाकी रंगाच्या सरकारी पाकिटालासुद्धा भीत. गावाबाहेरच्या शिरपामाळला लग्नाआधीचे फोटो काढायला गेले, तर नवरा-नवरीला कडेपासून इतकं लांब उभं करत की मागची दरी फोटोत यायचीच नाही. मंडळी कुरकुरायची. "दरी काय, पुढच्या वर्षीपण तिथेच असणार आहे. तुम्ही राहा म्हणजे झालं," असं म्हणून मामा कॅमेरा बंद करायचे.

फक्त एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. मूळ शूटिंगला हात लावायचा नाही. लग्नात मानपानावरून भांडण जुंपलं आणि नंतर दोन्हीकडचे "तेवढं कापा हो" म्हणत आले, की मामा दुसरी प्रत काढत, त्यातलं कापून देत, आणि मूळ जसंच्या तसं ठेवून देत. "एकदा कात्री लागली की उरलेल्यावर पण कुणी विश्वास ठेवत नाही," हे ते मलाच ऐकवत. मला, जिचा सगळा संसार कात्रीवर चालतो!

हळूहळू पाड्यांवरची माणसं मोबाइल घेऊन त्यांच्याकडे यायला लागली. कुणाच्या कोंबड्या जंगलखात्याच्या गार्डानं उचलल्या, कुणाला कुठल्या कचेरीत शिव्या मिळाल्या, ते फोनवर घेतलेलं असायचं. प्लायवूडच्या फळीपलीकडून मला सगळं ऐकू येई. मामांचा आवाज कापत असायचा, पण ते विचारायचं विसरत नसत. "ग्रुपवर टाकलंस का? नको टाकू बाबा. तिथून पुढे गेलं की व्हिडिओ बारीक नि धूसर होतो, तारीख-वेळ निघून जाते, आणि कुणी पाठवलं ते जगजाहीर होतं. काढताना साहेबाशी वाद घातलास का? लांब उभं राहायचं. तोंड बंद ठेवायचं." मग मूळ फोनमध्येच ठेवून ते दोन कार्डांवर प्रती काढत, आणि माणूस गेल्यावर घटाघट पाणी पीत.

मंगळी आली ती भर उन्हाळ्यात, दुपारच्या जीपनं. मंगळी हे तिचं नाव नाही. मोखाड्याकडच्या डोंगरातल्या तिच्या पाड्याचं नावही मी लिहिणार नाही. लिहायची आजही भीती वाटते. त्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येऊन विहिरीत पाणी सोडतो आणि बायका विहिरीतून ते शेंदतात. टँकर वळणावर दिसला की जी पहिली बघते ती हाळी देते, मग सगळ्या हंडे घेऊन धावतात. त्या वर्षी टँकर वळणापर्यंत यायचा आणि तिथून खालच्या बाजूला, नव्या बांधकाम चाललेल्या हॉटेलाकडे वळायचा. पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः उभे राहून हॉटेलाच्या टाकीत पाणी सोडून घेत. बायकांनी अडवलं, तर म्हणाले, "जास्त बोलाल तर टँकरच बंद करीन. मग प्या डबक्यातलं."

मंगळीनं हे सगळं करवंदीच्या जाळीमागून फोनवर घेतलं होतं. टँकरचा नंबर, साहेबाचा चेहरा, टाकीत पडणारं पाणी, सगळं एका दमात, कुठे न थांबता. मामांनी मला आत बोलावलं. एकट्यानं बघायची त्यांची हिंमत होईना. आम्ही तिघं पडद्यावर वाकलो, आणि सुरुवातीलाच मामांनी कपाळावर हात मारला. टँकर वळणावर येताना दिसतो आणि त्याच क्षणी फोनच्या अगदी जवळून लांबलचक हाळी ऐकू येते. मंगळीनं सवयीनं दिली होती. हातात फोन आहे, आपण लपलोय, हे ती साफ विसरली होती.

"कुणी ओळखेल का?" मी विचारलं.

"आखा पाडा वळखल," मंगळी म्हणाली. "आमचेत हरेक बाईची हाळी येगळी. हाटेलाचा मुकादमपण आमचेच पाड्याचा हाय." आणि मग हळूच, "माझा घरवाला त्याच हाटेलाचे कामाला जातं."

 मामांनी उठून शटर आणखी खाली ओढलं, इतकं की आता मांजरसुद्धा वाकून आलं असतं. मग ते जे बोलले ते ऐकून मी चाटच पडले. "आवाज काढून टाकतो, पोरी. मूळच कापतो, म्हणजे तुझा आवाज कुठेच उरणार नाही. मला जमेल." जन्मभराचा हट्ट त्यांनी त्या बाईपायी बाजूला ठेवला होता.

 मंगळीही घाबरली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. शेवटी म्हणाली, "कापला तं साहेब बोललच ना, ह्या खोटा हाय म्हून? मंग पानी नाय नं काय नाय. राहू द्या, मामा."

"तुझं आहे, तू म्हणशील तसं," मामा म्हणाले. त्यांनी प्रती काढल्या. एक कार्ड नाशिकला आपल्या मुलीकडे पाठवलं, एक माझ्याकडे दिलं. मी ते एका जुन्या परकराच्या नेफ्यात शिवून टाकलं आणि परकर चिंध्यांच्या गाठोड्यात कोंबला. दुसऱ्याच दिवशी त्या साहेबांच्या बाईसाहेब माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या. मी एकच माप तीनदा घेतलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताप आहे का हो?" मी हो म्हणाले. त्यांचा तो ब्लाउज मी दोनदा उसवून शिवला.

मामांकडे काहीतरी आहे, याची कुणकुण साहेबांना लागलीच. कुणीतरी दोन माणसं येऊन, हसत हसत, "काय असेल ते डिलीट करून टाका, मामा, धंदा करायचाय ना?" असं सांगून गेली. मामांनी मान डोलावली. ती गेल्यावर टेबलाला धरून उभे राहिले. फळीच्या फटीतून मी बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस सगळं पुसून टाकणार, आणि खरं सांगते, त्यांनी पुसावं असंच मला वाटत होतं.

पण टँकरच्या तक्रारीवरून चौकशीला जिल्ह्याहून बाई अधिकारी आल्या, तेव्हा मामा मंगळीला घेऊन त्यांच्यासमोर गेले. बंद खोलीत तिचा फोन दाखवला, मूळ व्हिडिओ दाखवला, प्रत दिल्याची पोच मागून घेतली. पोच मागताना त्यांची बोबडी वळली होती, असं मंगळीनंच मला सांगितलं.

साहेबांची बदली झाली. टँकर विहिरीवर यायला लागला. पण बंद खोलीतलं बाहेर आलंच. हाळीची गोष्ट पाड्यावर पोचली, मंगळीच्या नवऱ्याला मुकादमानं कामावरून काढलं आणि दुसरीकडेही कुणी उभं करीना. दिवाळीनंतर दोघं पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. मामा एकदा मुद्दाम पाड्यावर जाऊन आले. विहिरीत पाणी होतं, बायका शेंदत होत्या, मंगळीच्या झोपडीच्या बंद दाराला काट्याची फांदी लावलेली होती. बायकांनी मामांना तांब्याभर पाणी दिलं. ते न पिताच मामा परत फिरले.

त्यानंतर मामांची भीतीच बदलली. कुत्र्यांना भिईनासे झाले. फक्त मंगळीची भीती घेऊन बसले. तिला फोन लागला नाही की गाळ्यात येऊन माझ्या मशीनशेजारी उभे राहत. "टेलरबाई, काही झालं नसेल ना? मी तेव्हा जोर करून कापायला हवं होतं का?" मी मशीन चालवत राहायचे. एका सकाळी मामा उठलेच नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. मी खूप रडले, आणि रडताना त्यांचा रागही आला, एवढं कुणासाठी घाबरायचं असतं का म्हणून.

पावसाळ्यात भट्ट्या बंद झाल्या तशी मंगळी परत आली. बाजारात उतरून सरळ माझ्याकडे आली. मामा गेल्याचं तिला कळलं होतं. मी तिला बसवलं, चहा दिला, आणि मामा शेवटपर्यंत तिच्या काळजीनं कसे झुरले ते सांगून टाकलं. सांगून झाल्यावर वाटलं, उगाच बोलले, बिचारीला आणखी ओझं. पण ती शांत होती. चहाची बशी खाली ठेवून म्हणाली,

"बाय, जलमभर मीच समद्यांना भ्याली. माझेसाठी कोनी भ्याला, असा त्योच पयला."