लोखंडी राक्षसाच्या आतला पोरगा

मंडळी, मनगट सुजलंय, एका बोटाने लिहितेय. चुकलं तर चालवून घ्या.

माझा संजू फौजेत आहे, काल सुटीवर आला. आज सकाळी त्याच्या पोरीने टीव्हीवर जपानी कार्टून लावलं होतं. भलामोठा लोखंडी राक्षस, आणि आत बसून त्याला चालवणारा एक पोरगा. त्याने दुश्मनाची मशीन मुठीत धरून चेपली. आतल्या माणसाचं रक्त सगळ्या काचेवर उडालं. जंग जिंकली, पण पोरगा बाहेरच येईना. आई बाहेरून हाका मारतेय, हा आत थरथरतोय.

शेजारचे गुप्ताजी पोहे खात बसले होते. म्हणाले, "संजू भिया, तुमने कितने निपटाए?" दर सुटीत सगळे त्याला हेच विचारतात, किती मारले.

संजू टीव्हीकडेच बघत राहिला. मी म्हटलं, "बंद करा ते. जिंकला ना, मग रडतो कशाला?" आणि रिमोट उचलला.

संजूने माझं मनगट असं पिरगाळलं की मी खालीच बसले. बघत होता माझ्याकडे, पण मी त्याला दिसत नव्हते. मग एकदम सोडलं, बाथरूममध्ये गेला, आतून कडी लावली.

मी दार ठोकलं. "संजू, पोहे थंड होताहेत रे."

नात म्हणाली, "आजी, हाका नको मारू. ती कार्टूनवाली आई पण हेच करत होती."

गुप्ताजींना घरी धाडलं. मी दाराबाहेर स्टूल टाकून गप्प बसले. बऱ्याच वेळाने कडी निघाली. मी मनगट पदराखाली घेतलं आणि म्हटलं, "पोहे गरम करू?"

तुमच्या घरी फौजी येतो, तेव्हा तुम्ही त्याला पहिलं काय विचारता?