पाठीवर हात पडेपर्यंत

व्यंकटराव जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. सुई डॉक्टरांनी टोचायची आणि लाथ परिचरानं खायची, अशी ती नोकरी. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका गावात अकरा वर्षं लाथा खाताखाता त्यांना एक विद्या आली, ती म्हणजे जनावराला जागेवर उभं करायची. खोड्यात घालून, वेसण ओढून कोणीही उभं करतं. व्यंकटराव नुसतं “थीर” म्हणायचे, आणि ज्याच्या फुरफुरण्यानं माणसं कुंपणावर चढावीत असा वळू चारही पाय सारखे टेकवून उभा राहायचा.

त्यामुळे देवणीच्या पशुप्रदर्शनाआधी महिनाभर लोक आपली जनावरं त्यांच्याकडे आणून सोडायचे. जनावर उभं कसं राहतं, यावर तिथं परीक्षकांची निम्मी नजर असते. पाय हलला की पाठीची रेघ बिघडते आणि पहिला नंबर दुसऱ्याच्या घरी जातो. एका वर्षी एका लबाडानं गर्दीतून दुसऱ्या बैलाच्या मालकाचा आवाज काढून “चल रे” म्हटलं. बैल हलला आणि मालक हात चोळत बसला. तेव्हापासून व्यंकटरावांनी नेमच केला. त्यांनी शिकवलेलं जनावर शब्दानं थांबणार, पण शब्दानं सुटणार नाही. पाठीवर हात पडेल तेव्हाच सुटणार.

“आवाज कोणीबी काढतंय,” ते म्हणायचे. “हात कोण काढंल?”

गब्रू हे त्यांचं कुत्रं. तांबूस, एक कान पडलेला, दवाखान्यामागच्या उकिरड्यावर सापडलेला. येईल त्या म्हशीवर भुंकायचा. म्हशी बिथरायच्या आणि डॉक्टर वैतागायचे. “हे ध्यान कुठंतरी सोडून या,” असं त्यांनी सांगितलं तेव्हा व्यंकटरावांनी आठ दिवस मागून घेतले. एक हात छातीखाली, दुसरा शेपटीच्या बुडाशी, आणि कानाशी हळूच “थीर”. हलला की पुन्हा पहिल्यापासून. उभा राहिला की आधी पाठीवर हात, मग भाकरीचा तुकडा. आठव्या दिवशी गब्रू खोड्याशेजारी असा उभा राहिला की डॉक्टरांनी त्यालाच आधी सुई टोचली.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण विद्या आली की मिरवायची खाज सुटते. व्यंकटराव एसटीच्या थांब्यावर, हॉटेलापुढं गब्रूला उभा करायचे. कोणी हलगी वाजवायचं, कोणी मटणाचं हाडूक नाकाशी धरायचं. गब्रूची लाळ गळायची, पण पाय हलायचा नाही. मग व्यंकटराव स्वतः वीस पावलं लांब जायचे आणि स्वतःच हाक मारायचे, “गब्रू, ये!” पहिल्यांदा तो धावत आला. त्यांनी त्याला परत नेऊन उभा केला, रागं भरले, भाकरी दिली नाही. दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा अर्ध्यात थांबला. चौथ्यांदा तो आलाच नाही. शेपूट तेवढी हलली.

“शाब्बास!” व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी सगळ्या हॉटेलाला चहा पाजला.

“धन्याचीबी हाक ऐकू नको म्हणं,” त्यांची बायको सरजाबाई घरी म्हणाली. “हे कसलं शिकवणं?”

“तुला न्हाई कळायचं ते,” व्यंकटराव म्हणाले. कळलं तिलाच होतं.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरअखेर भूकंप झाला. पलीकडची गावंच्या गावं झोपेत गेली. व्यंकटरावांच्या गावात माणसं वाचली, पण दगडमातीच्या घरांना हात जाईल अशा भेगा पडल्या. सगळं गाव रानात पत्र्याखाली राहायला गेलं. जमीन अधूनमधून गुरगुरतच होती, आणि घरात पाऊल टाकायचं नाही अशी दवंडी दिलेली होती.

वीसेक दिवसांनी, भर दुपारी, व्यंकटराव आपल्या घरात शिरले. कशासाठी? धान्य आणायला नाही की कागदपत्रं आणायला नाही. देवणीच्या प्रदर्शनातला एक फोटो भिंतीवर राहिला होता. पहिल्या नंबरचा वळू, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून फेटा बांधलेले व्यंकटराव. तेवढ्यासाठी. गब्रू पायात घोटाळत होताच. आत आला तर सापडेल एखाद्या दगडाखाली, म्हणून त्यांनी त्याला बाहेर दाराशी थीर केलं. काळजीपोटीच केलं, हे खोटं नाही.

त्यांनी फोटो काढून घेतला आणि जमीन गुरगुरली. ते मागच्या दारानं बाहेर पळाले, वळसा घालून समोर आले. पुढच्या भिंतीनं पोट काढलं होतं, वरून माती गळत होती, आणि तिच्याखाली गब्रू उभा होता, चारही पाय सारखे टेकवून.

“गब्रू, ये!”

शेपूट हलली.

“ये रे! ये बाबा, ये!”

मधलं अंतर वीसेक पावलांचं होतं. धावत जाऊन हात ठेवावा की ठेवू नये, एवढा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ व्यंकटराव जागेवर उभे राहिले. तेवढ्यात भिंत खाली आली.

दगड उपसून त्यांनी गब्रूच्या पाठीवर हात ठेवला. गब्रू हलला नाही. हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.

रडायचं तरी कुठं? शेजारच्या गावांत एकेका घरातली सात-सात माणसं गेलेली, तिथं कुत्र्यासाठी रडणारा निलाजराच म्हणायचा. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानं विचारलं, “जनावर काही गेलं का?” व्यंकटराव म्हणाले, “न्हाई. काई न्हाई.” ते उत्तर त्यांना पुढं कित्येक वर्षं खात राहिलं. सरजाबाईलाही त्यांनी कुत्रं भिंतीखाली सापडलं एवढंच सांगितलं. तिथं त्याला उभा कोणी केला, हे सांगितलं नाही. फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला. वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली आणि नांदेड जिल्ह्यात उमरीला आले. तिथं “थीर” हा शब्द त्यांनी परत तोंडातून काढला नाही. जनावर खोड्यात घालायचे, लाथा खायचे, आणि एखादी जोरात लागली की त्यांना आतून बरं वाटायचं.

असा माणूस शहाणा झाला असेल, असं कोणालाही वाटेल.

व्यंकटराव निवृत्त झाले तोवर त्यांची नात महामाया, म्हणजे मुलगा आनंदराजची थोरली, दहावीला तालुक्यात पहिली आली. पोरीला डॉक्टर करायचं, माणसांची. शिकवण्या नांदेडलाही कमी नव्हत्या, पण तिथून पोर दर रविवारी घरी पळून येईल, म्हणून व्यंकटरावांनी लातूर धरलं. त्या वर्षांत जो तो आपलं हुशार लेकरू लातूरला पोचवत होता. एका खोलीत चार कॉट, भिंतीवर सूत्रं, आणि सकाळी सहाला पहिला तास. शेजारच्या संगप्पाची पोरगी महिन्यात रडत परत आली होती. तसं होऊ नये म्हणून हॉस्टेलच्या दारात व्यंकटरावांनी नातीला बजावलं, “मी न्यायला येईपर्यंत हितून हलायचं न्हाई. कोणीबी बोलवू दे.”

“हाव, आबा,” महामाया म्हणाली.

आणि मग ते तिची परीक्षा बघायला लागले. पहिल्याच महिन्यात फोन केला, “तुझ्या आईला बरं न्हाई. दोन दिवस येऊन जा.” पोर रडकुंडीला आली, पण म्हणाली, “मग तुमी न्यायला या, आबा.” व्यंकटराव हसले. “शाब्बास! बघून राहिलो होतो तुला.” पुढच्या खेपेला आजीचं निमित्त केलं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी काही. पोर पक्की झाली. गल्लीत ते कौतुकानं सांगत फिरले. आपण हे आधी कुठं केलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. येऊ नये म्हणून त्यांच्या मनानं इतकी वर्षं मेहनत घेतली होती.

बारावीच्या वर्षी अभ्यास बुडेल म्हणून व्यंकटराव दिवाळीलाही नातीला न्यायला गेले नाहीत, आणि त्या सुट्टीत एका सकाळी फोन आला.

“आबा, मी नाजिया, महामायाच्या खोलीतली, उदगीरची. तिला सहा दिवस झाले, ताप हाय. मेस बंद हाय, सगळ्या पोरी घरी गेल्या. बिस्किटं खाऊन बसलीय. माझी अम्मी मला न्यायला आलीय. ती लई म्हणली, दवाखान्यात चल, तर ही म्हणती, आबा आल्याबिगर मी कुठंच येत न्हाई.”

“दे तिला,” व्यंकटराव म्हणाले. “महामाया? बाळा, ऊठ. नाजियाच्या आईबरोबर दवाखान्यात जा. मी सांगून राहिलो.”

“न्हाई आबा. मी ठीक हाय. परीक्षा बघून राहिलात ना? कळतंय मला.”

“न्हाई गं! खरंच म्हणतो!”

“मागच्या बारीलाबी असंच म्हणला होता.” आणि ती थांबली. शाब्बास ऐकायला थांबली असावी.

व्यंकटरावांच्या डोळ्यांपुढं पोट काढलेली भिंत आली, गळणारी माती आली, हललेली शेपूट आली. पण या वेळी ते उभे राहिले नाहीत. नाजियाच्या आईला त्यांनी हात जोडून सांगितलं, मी येईपर्यंत पोरीजवळ बसा, आणि घातल्या कपड्यांनी निघाले. उमरीहून नांदेड, तिथून लोहा, अहमदपूर, लातूर. दिवाळीच्या गर्दीत एका पोरानं उठून जागा दिली तरी ते बसले नाहीत.

दुपार कलताना ते दोन जिने चढून खोलीत पोचले. नाजियाची आई ओल्या रुमालाची घडी हातात घेऊन कॉटच्या कडेला बसली होती. महामाया भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती, मांडीवर पुस्तक, ओठ सुकलेले. तिनं आबांकडे बघितलं, पण ती उठली नाही.

व्यंकटरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. क्षणभर काहीच हललं नाही, आणि त्या क्षणात ते चोवीस वर्षं मागं जाऊन आले. मग ते तापलेलं अंग सगळंच्या सगळं त्यांच्यावर रेललं.

टायफॉइड निघाला. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. व्यंकटराव तीन दिवस स्टुलावरून उठले नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि जे सरजाबाईला कधी सांगितलं नव्हतं ते त्यांनी नातीला सांगितलं. फोटो, भिंत, वीस पावलं, सगळं. सांगताना रडले. चोवीस वर्षांचं रडू होतं, ते काही लवकर आवरलं नाही.

महामाया ऐकत होती. मग तिनं विचारलं, “तुमी हाक मारली, ती त्याला ऐकू आली होती का?”

“आली होती. शेपूट हलली होती त्याची.”

ती सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

“मलाबी आली होती, आबा,” ती म्हणाली.