हाड शाबूत

सुप्याच्या सोनबाच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणत. मेंढरं होती तोवर मोडलेला पाय नुसता चाचपून, बांबूच्या कामट्या बांधून त्यानं कितीतरी मेंढ्या पुन्हा कळपात चालत्या केल्या. पुढं मेंढरं विकली, शेती धरली, तरी हातपाय मोडलेली माणसं दारात येतच राहिली. सोनबाचा नियम एकच. हाड मोडलं तर बांधायचं, शाबूत असेल तर चालवायचं. बसवून ठेवलं की जनावर कायमचं बसतं.

शहाण्णव साली त्याची लेक सारजा बारामतीला खो-खोच्या सामन्यात पडली. खांबापाशी वळताना पाऊल मातीत रुतलं आणि अंग तेवढं फिरलं. गुडघा नारळाएवढा सुजला. तिथंच एक्स-रे काढला. गावाकडं त्याला फोटोच म्हणतात. हाड शाबूत. घरी आल्यावर सोनबानं स्वतः चाचपून पाहिलं. बोटांचं आणि फोटोचं एकमत झालं, मग आणखी विचारायचं कुणाला?

सूज ओसरली तशी त्यानं पोरीला चालवायला घेतली. विहिरीवर, रानात, शाळेला.

"आबा, गुडघा निसटतोय," ती म्हणायची.

"हाड शाबूत हाय. मनातलं भ्या काढून टाक."

दोन वर्षं हेच. पोर कुठंतरी कोलमडायची आणि घरातले म्हणायचे, नाटकं करती. सोनबाला माया नव्हती असं नाही हो, मायेपोटीच तर त्यानं तिला इतकी चालवली.

शेवटी शाळेतल्या खेळाच्या बाईंनी हट्टच धरला, तेव्हा पुण्याला एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. एक्स-रेत नुसतं हाड दिसतं, ते म्हणाले. दोन हाडं बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट पहिल्याच दिवशी तुटलं होतं, आणि त्या सैल सांध्यावर चालून चालून हाडांमधल्या गादीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"तवाच आणली आसती तर?" सोनबानं विचारलं.

"गादी बहुधा वाचली असती."

सोनबानं दोन्ही हात मांड्यांखाली दडवले. लेकीकडं बघायचं त्याला धाडस होईना. आता ही रडेल, आपल्याला टाकून बोलेल असं त्याला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

सारजा मात्र फिल्मकडं टक लावून बघत होती. "म्हंजी खरंच तुटलंय?" तिनं दोनदा विचारलं. डॉक्टरांनी मान डोलावली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"बरं झालं, आबा," ती म्हणाली. "मला वाटाया लागलं हुतं, मीच खोटी हाय."