पूजेतली पिन

उद्यमनगरातल्या तिसऱ्या गल्लीत, लिंबाच्या झाडाखाली, एक उंच वाकलेला म्हातारा दिवसभर पाण्याच्या पंपांची कामं करत बसलेला असायचा. दोन हजार सहा सालापर्यंत तरी बसायचा. एखादा पावणा चुकून त्याच्याकडं मोटारसायकल घेऊन गेला, तर मान वर न करता सांगायचा, "जिला हँडल हाय, तिला मी हात लावत न्हाय. फुडच्या गल्लीत जावा." पावणा शिव्या घालत निघून जायचा. घालू दे. त्याला काय माहीत, की एके काळी ह्याच बसलिंगाप्पा मिस्त्रीच्या हातचं स्टिअरिंग पाहिजे म्हणून हातकणंगल्यापासनं माणसं येऊन दारात ताटकळत बसायची!

काम चोख होतंच, पण लोकांचा विश्वास बसायचा तो त्याच्या एका रीतीवर. गाडी तयार झाली की पहिली चक्कर तो मालकाला मारू द्यायचा नाही. आपली पोरगी शांभवी, उशिरा झालेली, एकुलती एक, तिला शेजारी बसवायचा आणि टेंबलाईच्या टेकडीपर्यंत जाऊन यायचा. मगच किल्ली द्यायची. "ज्या गाडीत माझी पोरगी बसत न्हाय, ती गाडी मी कुणाला देत न्हाय." हे तो अशा तोऱ्यात म्हणायचा, की ऐकणाऱ्यालाच गुदगुल्या व्हायच्या.

दुसरी एक खोड होती, ती वाईट. काम कुठवर आलंय, काय राहिलंय, हे कुणाला सांगायचा नाही. बायकोला, दानेश्वरीलासुद्धा नाही. तिनं विचारलं तर म्हणायचा, "अर्धं काम तोंडानं सांगायचं नसतं." आता ह्याला स्वाभिमान म्हणायचं का आडमुठेपणा, तुम्हीच ठरवा. मी तर आडमुठेपणाच म्हणतो.

पंच्याण्णव साली मुरगूडचे सयाजीराव एक मोटार ट्रॅक्टरनं ओढत घेऊन आले. अडतीस सालची, विलायती, आजोबांनी हौसेनं घेतलेली. गुऱ्हाळाच्या शेडात पंचवीस वर्षं पडून होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, इंजिन जाम. बाजारात एक पार्ट मिळेल तर शपथ! बसलिंगाप्पानं दोन वर्षं घातली. बेअरिंगं ओतून घेतली, ब्रेकचे दांडे नव्यानं करवले, गिअरचे दात एकेक घासले. मोटार पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तो बोनेटवर हात ठेवून लहान पोरासारखा रडला. सयाजीराव म्हणाले, "मिस्त्री, सत्याण्णवच्या दसऱ्याला ही दसरा चौकात सोनं लुटायला पायजे." हा म्हणाला, "येणार की."

शेवटी राहिला तो स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा गोळा. हा गोळाच चाकं वळवतो. झिजून पार चपटा झाला होता. नवा करवून, कडक व्हावा म्हणून पाणी देऊन आला तो अष्टमीच्या संध्याकाळी. बसलिंगाप्पा मोटारीखाली शिरला. गोळा बसवला, खाचांचा नट वर हातानं फिरवला. आता पान्यानं आवळायचा, खाचेतनं पिन घालायची, तिची टोकं वाकवायची, की झालं. काडेपेटीतल्या काडीएवढी ती पिन. पण ती नसली तर नट हादऱ्यानं आपोआप सुटत जातो आणि मग स्टिअरिंगचं चाक हातात नुसतं गरागरा फिरतं. तेवढ्यात लाइट गेली. दानेश्वरी दारातनं ओरडली, "अवो, हत्यारं द्या की! उद्या खंडेनवमी. धुऊन ठेवाय पायजेत का न्हाय?"

त्यानं हत्यारं दिली. एकदा पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसऱ्याची आरती झाल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्याच्या बापापासनं चालत आलेली रीत. नवमीला पाने, पक्कड, हातोडी हळदीकुंकू लावून पाटावर मांडली. बसलिंगाप्पानं खिशातली पिन काढली आणि विसरायला नको म्हणून पाटाच्या मधोमध ठेवली. तिलाही कुंकू लावलं. दसऱ्याला पूजा उतरली की पहिलं काम हेच. मालक चारला यायचेत. लई वेळ हाय. असं मनाशी म्हणाला. मनाशीच म्हणाला, हाच घात झाला.

दसऱ्याच्या सकाळी तो बसवेश्वराच्या देवळात गेला. परत आला तर लिंबाखालची जागा रिकामी. खाली फक्त झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या.

"मोटार?"

"मालक आलते की, बायकूला घेऊन," दानेश्वरी पुरणाचं पातेलं उतरवत म्हणाली. "चिमणावैनी म्हणाल्या, सोनं लुटायच्या आदी जोतिबाला जाऊन येऊया. म्या किल्ली दिली. शांभवी पण गेलीया. मालक म्हणाले, मिस्त्री न्हाईत तर पोरगीला बसवून नेतो, पोरगी बसली म्हंजे गाडी पास झाली!" आणि हसली.

बसलिंगाप्पा पाटाकडं बघत होता. पिन मधोमध होती. कुंकवानं माखलेली.

आरती व्हायची होती, दिवा लावायचा होता, काही काही सुचलं नाही. पूजेतला पाना उचलला, पक्कड उचलली, पिन मुठीत घेतली. "अवो, पूजा!" दानेश्वरी किंचाळली. तोवर त्याची स्कूटर गल्लीच्या बाहेर गेली होती.

शिवाजी पूल ओलांडला. दसऱ्याची गर्दी, ट्रॅक्टर, हार घातलेल्या बैलगाड्या. केर्लीला एका पानवाल्याला विचारलं, "जुनी मोटार गेली का?" तो म्हणाला, "गेली की! कसली झ्याक दिसत हुती! पोरगी टाटा करत हुती." घाट लागला तसा बसलिंगाप्पा प्रत्येक वळणाला स्कूटर हळू करायचा आणि कड्याखाली बघायचा. झाडी मोडलीय का? मोटारीचा लाल रंग दिसतोय का? काही दिसलं नाही की पुढच्या वळणाचं भय. चढताना वेग कमी, चाक हळू फिरतं, चढताना टिकंल. टिकंल का? आणि उतरताना? देवाचं नाव तोंडात येत नव्हतं, नुसतं "नट, नट" येत होतं.

वर वाहनतळावर मोटार उभी होती. भोवती पोरांचा गराडा. सयाजीराव मिशीला पीळ देत उभे, चिमणावैनी मागच्या सीटवर गुलालानं माखलेल्या, आणि पुढं शांभवी पाय हलवत बसलेली.

"अरे मिस्त्री! आज पण काम?" सयाजीराव हसले. "चाक जरा ढिलं लागलं वर येताना. म्हटलं, जुनी बाई हाय, चालायचंच!"

बसलिंगाप्पा तसाच मोटारीखाली शिरला. नट दोन आट्यांवर लटकत होता. बोटानं हलवला तर गळूनच पडला असता. त्यानं आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. पुन्हा तपासलं. पुन्हा एकदा. पक्कं होतं, अगदी पक्कं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चोख काम असंल.

बाहेर आला. सयाजीरावांनी विचारलं, "काय झालतं?"

"काय न्हाय, मालक. जरा बघाय आलतो."

एवढं खोटं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला, आणि ते पचलंही. शांभवी मघाच उतरून बापाला बिलगली होती. सयाजीराव स्टिअरिंगपाशी बसले आणि दार उघडं धरून म्हणाले, "चल गं पोरी, खाली जाऊया. सोनं लुटायचं हाय की!"

"जा की, बस," बसलिंगाप्पा म्हणाला.

शांभवी निघाली. पण पुढं जाता येईना. तिनं मागं वळून बघितलं. "आप्पा, हात सोडा की."

बसलिंगाप्पानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "जा," तो पुन्हा म्हणाला. बोटं मात्र सुटेनात. बोटांवरचं कुंकू पोरीच्या हाताला लागलं.

सयाजीरावांनी त्या हाताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मिशीवरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी उघडं दार आवाज न करता लावून घेतलं आणि मागं न बघता म्हणाले, "चिमणाबाई, तू बी खाली उतर."