वर चढणारी लहर

शालूआत्या गेली.
आता आमच्या घरात वाहत्या पाण्याला जाब विचारणारं कुणी उरलं नाही.

कन्नड मुलखात, मंडी मोहल्ल्यातलं आमचं मराठी घर शिंप्यांचं. त्यात ही एकटी इंजिनिअर झाली आणि जन्मभर कॉलेजात हायड्रॉलिक्स शिकवलं. कालव्यातलं पाणी कसं वाहतं, हा तिचा खास विषय.

आजोबा ऐटीत सांगायचे, "आम्ही कापड मोजतो, आमची पोरगी पाणी मोजते."

काही वर्षांपूर्वी आम्ही जवळच्या वरुणा गावी ओळखीच्यांकडे जेवायला निघालो होतो. वाटेत कालव्यावर ही गर्दी!

पाणी काठावरून शेतात घुसलेलं, भाताची कोवळी रोपं बुडालेली, आणि सगळे महादेवप्पावर तुटून पडलेले.

महादेवप्पा तिथला नीरगंटी. कालव्याचं गेट उघडून पाणी सोडायचं काम त्याचं. पैसे खाऊन गेट जास्त उघडलं, असा आरोप होता. कालवा खात्याच्या साहेबांना फोनही गेला होता. त्याची नोकरी जाणार, हे जवळजवळ ठरलंच होतं.

तो बिचारा शपथा घेत होता. कोण ऐकतंय!

आत्या गाडीतून उतरली. "निल्लि, निल्लि" करत सगळ्यांना थांबवलं. महादेवप्पाशी दोन शब्द बोलली आणि कालव्यात एक दगड टाकला.

मला वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं.

"नोडु, बघ रे, लहर कुठं चालली?"

"दोन्हीकडे."

"वर पण चढती ना? म्हणजे पाणी निवांत आहे. सुसाट असतं तर लहर खालीच वाहून गेली असती. निवांत पाण्यात खालची अडचण वरपर्यंत पोचती. बसच्या दारात एकजण अडला की मागची लाईन तुंबती, तसं. गेटचं आमेले, नंतर बघू. पहिलं खाली चल."

सत्तरीची बाई काठाकाठाने पुढे, मागे अख्खं गाव.

वळणापलीकडे छोट्या पुलाखाली केळीचे खुंट अडकून चक्क बांध झाला होता. बाग तोडली की खुंट कालव्यात ढकलणारे हेच सगळे. आता तेच पाण्यात उतरले.

खुंट ओढून काढले. पाणी धाडकन सुटलं. आम्ही परत वर येईपर्यंत पातळी उतरायला लागली होती.

आत्याने साहेबांना फोन लावला. वर्गातला तोच आवाज. "त्याचा काही दोष नाही. मी स्वतः बघितलंय."

नोकरी वाचली.

मग तिथेच काठावर उभं राहून तिने गावाला लेक्चर दिलं, ते वेगळंच. आमचं जेवण गार झालं. पण मला तिचा इतका अभिमान वाटला होता की भूक विसरलो.

आज स्मशानात महादेवप्पा आला होता. केस पार पांढरे झालेत. माझा हात धरून कन्नडमध्ये म्हणाला,

"त्या दिवशी प्रत्येकाने मला विचारलं, किती खाल्लंस? मॅडमनी विचारलं, गेटपाशी पाणी किती खोल आहे? मी सांगितलं. आणि त्यांनी ते खरं मानलं."

शालूआत्या, तुला मनापासून नमस्कार.
जाऊन ये.