अण्णांचा कडुनिंब, मुक्काम सेनगाव

सेनगावला फिरायला कुणी जात नाही. मीही गेलो नसतो, पण आईचे गुडघे संपावर गेले आणि तिच्या वतीने एका झाडाचा फोटो काढायला मला निघावं लागलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नव्वदच्या दशकात तिथे शाळामास्तर होते. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. गावातल्या दहाबारा हौशी माणसांनी बाग मंडळ काढलं होतं; अण्णा आणि आई दोघंही त्यात. अण्णा गेले तेव्हा मंडळाने रिवाजाप्रमाणे त्यांच्या नावाने दवाखान्यासमोर कडुनिंब लावला आणि आई माझ्याकडे पुण्याला आली. तेव्हापासून दर दसऱ्याला मंडळाचं पोस्टकार्ड येतं: 'झाड बरे आहे.' एखाद्या वर्षी ते थेट संक्रांतीला उगवतं, आणि मी टपाल खात्याच्या नावाने बोटं मोडतो. यंदा, २००६ साली, आई म्हणाली, "आठ वर्षं झाली. एकदा बघून ये रे. माझ्याच्यानं आता जाणं व्हायचं नाही."

पुण्याहून रेल्वेने परभणी, तिथून एसटीने औंढा नागनाथ. जाताच आहात तर देऊळ बघून घ्या. गाभारा खाली आहे, अंग चोरून उतरावं लागतं. पोट सुटलेल्यांनी आधी विचार करावा. बाहेर गरम भजी आणि चहा. तिथून हिंगोली. हिंगोलीहून पुढे सेनगावला एसटी आहे, पण तिची वाट बघण्यापेक्षा काळी-पिवळी जीप धरा. वीस रुपये, आणि मांडीवर कुणाची तरी पिशवी मोफत. नोव्हेंबरात सोयाबीन निघालेलं असतं. दुतर्फा कापूस, मधे पिवळ्या फुलांवर आलेली तूर. रस्त्यावरचे खड्डे चुकवायला ड्रायव्हर अर्धा वेळ रस्त्याखालूनच जातो.

स्टँडवर सुमनताई घ्यायला आल्या होत्या. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. मंडळाची पोस्टकार्डं त्याच लिहितात. स्टँडभोवती कण्हेरीची रांग फुललेली होती. "कण्हेरच का?" मी विचारलं.

"शेळ्या खात न्हाईत म्हणून," त्या म्हणाल्या. गावात काय लावायचं हे शेळ्या ठरवतात, असं दिसलं.

दर रविवारी सकाळी मंडळाची माणसं पाण्याचे डबे घेऊन निघतात. शाळेची सदाफुली, स्मशानाच्या वाटेवरचे करंज, दवाखान्यासमोरचे कडुनिंब. प्रत्येक रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. सुमनताईंकडे भाकरी, पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा जेवून आम्ही तिकडे निघालो. खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटत नव्हतं. झाड बघायचं, फोटो काढायचा, परतीची गाडी गाठायची.

झाड माझ्या खांद्याला लागत होतं.

शेजारचे कडुनिंब दोन माणसं उंच, आणि पत्र्याच्या पाटीवर अण्णांचं नाव असलेलं हे एवढंसं. "ताई, हे आठ वर्षांचं?"

"काहून? पाचवं हाय ते," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या पावसाळ्यात लावलं."

"पण तुम्ही तर दरवर्षी लिहिता, झाड बरं आहे."

"बरं असल्यावरच लिहितो. गेलं तर आधी दुसरं लावायचं. त्यानं पालवी धरली की मग कार्ड टाकायचं. मंडळाचा नेमच हाय तसा."

कुंपणापाशी एक म्हातारी पाणी घालत होती. या कौसाबाई, मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या घरातल्या. सुमनताईंनी ओळख करून दिली: या झाडाची राखण यांच्याकडे. ज्यांच्या शेळ्यांनी झाड खाल्लं, पुढचं झाड त्यांनाच सांभाळायला द्यायचं, हा मंडळाचा दुसरा नेम.

"तीन माह्याच शेळ्यायनं खाल्ले, साहेब," कौसाबाईंनी कबूल करून टाकलं. "चौथं उन्हानं गेलं, त्याचा आळ माह्यावर न्हाई. आता शेळ्या हिकडं बघत बी न्हाईत."

मी कॅमेरा काढला आणि तिथे पहिल्यांदा घाबरलो. आई आठ वर्षं मनात एक मोठं झाड वाढवत बसली होती, आणि ते तोडायचं काम माझ्यावर आलं होतं. कौसाबाई हौसेने पदर सावरून झाडाशेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्याशेजारी ते फारच लहान दिसायला लागलं.

"मावशी, जरा बाजूला व्हाल का?"

"व्हय, व्हते की," म्हणत त्या काहीही न विचारता बाजूला झाल्या. मी मातीत बसलो, कॅमेरा आळ्याच्या काठाशी टेकवून आभाळाकडे तिरका केला आणि खालून, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फोटो काढला. झाड चांगलं डेरेदार दिसलं.

पुण्याला आल्यावर फोटो धुऊन आणला. आईने तो खिडकीशी नेला, चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"कितवं आहे हे?"

मी कॅमेऱ्याची पिशवी आवरायला घेतली.

"चार वेळा कार्ड संक्रांतीला आलं होतं. म्हणजे पाचवं असेल," ती म्हणाली. "अरे, आधी पालवी, मग पत्र, हा नेम आम्हीच बसवला होता. पहिली कितीतरी पत्रं मीच लिहिली आहेत, दुसऱ्यांच्या झाडांची."

आठ वर्षं विनाकारण शिव्या खाल्लेल्या टपाल खात्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. आई अजून फोटोच बघत होती.

"खोड सरळ आहे, आळं ओलं आहे. कुणीतरी जीव लावून सांभाळतंय," ती म्हणाली. मग तिने फोटो उलटसुलट करून पाहिला. "हे राखणारं माणूस कुठंय रे? त्याला नाही उभं केलंस शेजारी?"

मला इतकी लाज फार वर्षांत वाटली नव्हती.