शाळेच्या भिंतीवरचं डुक्कर

सेलूजवळच्या एका गावात माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. यंदा तिच्या पहिलीच्या वर्गाचं काही खरं नव्हतं. रोज सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी यायची आणि तिच्याच फाटकासमोरून गावातली पोरं भरून न्यायची. वहिनीनं उपाय काढला. समोरच्या लांब भिंतीवर निसर्गचित्र काढायचं आणि ते गावानं रंगवायचं.

"गावाचा हात लागला का गावाले शाळा आपली वाटते, भाऊजी. तुमी फक्त आखून द्या."

फक्त आखून द्या! जन्मभर हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असं म्हणू नये. मी खडू घेऊन शिडीवर चढलो तो उतरायचं नाव घेईना. डावीकडे फुललेला पळस, उजवीकडे मोर आणि मधोमध, जिथं नजर आधी जाते तिथं, रोह्यांचा कळप. रोही म्हणजे नीलगाय. कळपाच्या पुढ्यात एक रानडुक्कर. ते तर असं साधलं होतं की मोह आवरेना. मानेवरचे ताठ केस, वर वळलेला सुळा, बारीक खुनशी डोळा. गावाची वाट न बघता मीच ते रंगवून टाकलं.

रविवारी लोक आले आणि सगळे मोराला असे भिडले की बिचाऱ्याच्या अंगावर चार तऱ्हेचे निळे चढले. मधल्या भागाकडे कुणी फिरकेना.

"इकडे पण या ना," मी म्हणालो.

डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक काका पुढे आले. "सर, हे काऊन काढलं?"

"निसर्ग आहे, काका."

"हा निसर्ग रोज राती माह्या हरभऱ्यात येते. आमी फटाके फोडून त्याले हाकलतो, अन् तुमी शाळेत बोलावून राह्यले?"

"वरून रंगही आपणच लावा म्हणते!" मागून एक बाई म्हणाली. हशा पिकला.

शहाण्यानं इथं हसून घेतलं असतं. मी जंगलाच्या समतोलावर व्याख्यान सुरू केलं. ते चालू असतानाच काकांनी काळा डबा उचलला आणि रोह्यांच्या अलीकडे खांब रोवून तारा ओढायला घेतल्या. झटका मशीनचं विजेचं कुंपण! थेट माझ्या रचनेच्या पोटातून!

"काका, चित्र खराब करून राह्यले तुमी! ब्रश ठेवा खाली!" संतापानं माझी पुस्तकी मराठी गळून पडली.

त्यांनी ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. बघता बघता मैदानात मी, वहिनी आणि उघडे डबे एवढेच उरलो.

"हे काय तुमचं प्रदर्शन आहे का, भाऊजी?" वहिनीनं विचारलं. "त्यांची नात यंदा पहिलीत जाते. ते गाडीत बसली का अख्खी गल्ली तिच्या मागं बसते. मंग मी काय मोराले शिकवू?"

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेलो. नातीचं नाव शाळेत टाकाल का, म्हणून विचारलं. काकांनी चहा दिला, उत्तर सुनेनं.

"सर, पोरगी त्या डुकराले भेते. काल शाळेपुढून जाताना माह्या मागं लपली. ते काढा, मंग पाहू."

"हसरं केलं तर?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"डुक्कर कुठं हसते का, सर?"

पुढच्या रविवारी मी हिरव्या रंगाचा डबा घेऊन भिंतीपुढे उभा राहिलो. हायस्कुलात इतकी वर्षं काढली, पण असं जनावर हातून उतरलं नव्हतं. त्याच्यावर मीच हरभरा पेरला. लोक एकेक करून आले. काकांनी तर आल्या आल्या उरलेल्या तारा ओढायला घेतल्या. वाकड्या. मी दात आवळले.

सून मुलीचं बोट धरून आली. मुलीनं आईच्या पदराआडून भिंत न्याहाळली आणि बोट दाखवलं. हिरव्याखालून तो खुनशी डोळा अजून दिसत होता.

"पाहून राह्यलं ना अजून," सून म्हणाली.

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट आणखी एक हात मारला. डोळा गेला. मुलगी पुढे आली, तिनं ओल्या रंगात तळवा दाबला आणि माझ्या हरभऱ्याची पार वाट लावली.

"उद्या नाव टाकाले येतो, मॅडम," सून म्हणाली.

वहिनी खाली मान घालून डब्यांची झाकणं लावू लागली. मी ब्रश धुवायला नळावर गेलो. हिरवा रंग काही केल्या निघेना.